चार दिवसांचे काम

होडीचे इंजिन जिच्यावर टांगलेले असते, त्या मागच्या उभ्या फळीकडे एरवी कोणाचे लक्ष जाते? मालवणच्या माझ्या मेहुण्याने ती हातोडीने वाजवून पाहिली, तेव्हा 'टण्' ऐवजी 'भद्द' असा आवाज आला. बोल्टांच्या भोकांतून झिरपलेल्या पाण्याने फायबरच्या आतले प्लायवुड कुजले होते. भर समुद्रात, उतारू बसलेले असताना इंजिन निखळले असते तर!

"भावोजी, चार दिसांचा काम!" तो म्हणाला. मे महिन्याच्या सुटीत मीही खडू सोडून छिन्नी धरली. आतले फायबर कापून कुजका भुगा खरवडण्यातच ६ दिवस गेले. पोकळी उन्हात वाळायला ८. मग पुठ्ठ्याचा नमुना कापला, मरीन प्लायवुडचे दोन थर इपॉक्सीने चिकटवून क्लॅम्पांनी आवळले, वर काचतंतूंचे कापड चढवले. बोल्टांची भोके मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीने बुजवली आणि त्यातच पुन्हा बारीक पाडली, म्हणजे पाणी लाकडाला शिवायलाच नको.

मृग तोंडावर असताना, २१व्या दिवशी हातोडी पुन्हा वाजली. टण्!

हिशेब मांडला तर कारागीरच स्वस्त पडला असता. पण उतारू चढवताना मेहुण्याची नजर आता धास्तीने मागे वळत नाही. ही मजुरी काही थोडी नव्हे.