कुलूप उघडणारी बोटे

वयाच्या साठीला आलेल्या माणसाला रक्तदाब, साखर, गुडघे यांविषयी सगळे विचारतात. हाताच्या बोटांविषयी मात्र सहसा कोणी विचारीत नाही. शर्टाचे बटण नीट लागत नाही, खिशातले नाणे हाताला ओळखू येत नाही, या तक्रारी 'वय झाले' म्हणून सोडून दिल्या जातात. त्यांमागे बरा होणारा आजारही असू शकतो. म्हणून आज बोटांच्या स्पर्शाविषयी लिहितो आहे, आणि तेही एका जगावेगळ्या छंदाच्या निमित्ताने. हा छंद म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडणे!

वाचकहो, दचकू नका. हा चोरांचा धंदा नव्हे. अणुशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन (१९६५ चे नोबेल मानकरी) यांना १९४० च्या दशकात लॉस अलामॉसच्या प्रकल्पावर सहकाऱ्यांची कुलपे व तिजोऱ्या उघडून दाखविण्याचा मोठा नाद होता. जर्मनीत १९९७ साली या छंदाची रीतसर संघटना निघाली. आपल्या पुण्यातही कुलपांची आवड असणाऱ्यांना पाहण्यासारखे बरेच आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे यांच्या जोडीने जुनी कुलपेही आहेत. लहान मुलांना ती जरूर दाखवावीत.

कुलपाच्या पोटात काय असते?

आपल्याकडची बरीच टाळी लिव्हरची असतात. फ्लॅटच्या दाराला जे लॅच असते, त्यात पुष्कळदा पिनांचे कुलूप असते. अमेरिकेतील लायनस येल पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याला आजचे रूप दिले. कल्पना मात्र प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांइतकी जुनी आहे.

या कुलपात एक फिरणारी नळी असते. तिच्यात साधारणपणे पाच-सहा पिनांच्या जोड्या उभ्या असतात. प्रत्येक जोडीत एक पिन किल्लीला टेकणारी, दुसरी तिच्यावरची आणि त्यावर स्प्रिंग. किल्लीला टेकणाऱ्या पिनांची लांबी सारखी नसते. योग्य किल्ली घातली की तिच्या दात्यांमुळे प्रत्येक जोडीचा सांधा बरोबर एका रेषेत येतो आणि नळी फिरते. एक जरी पिन केसभर वर किंवा खाली राहिली तरी कुलूप उघडत नाही.

छंदी मनुष्य एका वाकड्या पट्टीने नळीवर अगदी हलका ताण देतो आणि बारीक सळईने एकेक पिन उचलतो. कारखान्यातील कामात सूक्ष्म फरक राहतोच. त्यामुळे सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एकच आधी अडकते. ती रेषेवर आली की बोटाला बारीकसा 'टक्' जाणवतो. मग दुसरी शोधायची.

खरी कसोटी लागते ती पिनांची उंची फार विषम असते तेव्हा. तुमची किल्ली हातात घेऊन पाहा. एखाद्या खोल खाचेच्या शेजारीच उंच सुळका असेल, तर तेथे लांब पिनेशेजारी आखूड पिन आहे असे समजावे. आखूड पिन बरीच उचलावी लागते, लांब पिन मात्र नाममात्र. आखूड पिनेपर्यंत जाताना सळई लांब पिनेला लागली, तर ती रेषेच्या वर जाऊन अडकून बसते. मग ताण सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नवखा माणूस अशा वेळी जोर वाढवतो आणि सगळ्याच पिना घट्ट होतात. येथे डोळ्यांचा उपयोग नाही. सगळा कारभार बोटांच्या टोकांचा.

बोटांना कसे कळते?

बोटांच्या टोकांच्या त्वचेत स्पर्शाची सूक्ष्म यंत्रे दाटीने असतात. काही दाब ओळखतात, काही कंप. पाठीवर दोन टोके बरीच लांब असली तरी एकच वाटतात. बोटाच्या टोकावर मात्र दोन-तीन मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदूही वेगळे कळतात. वयानुसार ही जाण थोडी मंदावते. पण ती झपाट्याने कमी झाली, तर कारण शोधलेच पाहिजे.

माझ्याकडे येणारे एक गृहस्थ आयुष्यभर कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करून निवृत्त झालेले. जुन्या बाजारातून कुलपे आणून ती उघडत बसणे हा त्यांचा आवडता उद्योग. एक दिवस म्हणाले, "डॉक्टर, पूर्वी दहा मिनिटांत उघडणारे कुलूप आता तासभर दाद देत नाही. सळई हातात आहे की नाही तेच कळत नाही." घरच्यांनी वयावर बोट ठेवले होते. मी त्यांना आधी मोजे काढायला सांगितले. मधुमेहात नसांची बधिरता बहुधा पायांपासून सुरू होते आणि मग हातांकडे येते. तळपायाला चपलेच्या खिळ्याने झालेली जखम होती. ती कधी झाली याचा त्यांना पत्ताच नव्हता! कंप पावणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवला तर तोही जाणवेना. मधुमेह जुना, मेटफॉर्मिनच्या गोळ्या अनेक वर्षे चालू, आहार पूर्ण शाकाहारी. रक्तातील बी-१२ तपासले तर ते फारच कमी निघाले.

जखमेवर उपचार झाले, बी-१२ ची इंजेक्शने दिली, साखर आटोक्यात आणली. काही महिन्यांत मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. सगळी संवेदना परत आली नाही, कारण नसांचे नुकसान फार दिवस राहिले तर ते पूर्ण भरून येत नाही. पण पाय वाचला. कुलपांनी आधी इशारा दिला नसता, तर ते माझ्याकडे पाय काळा पडल्यावरच आले असते.

बी-१२ ची कमतरता ही आपल्याकडे घरोघरची गोष्ट आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे व परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. भाज्या-डाळींतून मिळत नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकते. म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, तपासणी मात्र करून घ्यावी.

घरच्या घरी परीक्षा

डोळे मिटा. घरातल्या कोणालाही तुमच्या हातावर एकेक करून रुपयाचे नाणे, पाच रुपयांचे नाणे, बटण, सेफ्टी पिन (बंद केलेली) ठेवायला सांगा. बोटांनी चाचपून ओळखा. दोन्ही हातांनी करा. वारंवार चुकत असाल, तर डॉक्टरांना दाखवा.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होऊन जाग येत असेल व हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटात नस दबत असण्याची शक्यता असते. मधुमेह व थायरॉइडच्या रुग्णांत हे अधिक दिसते. एका बाजूचा हात अचानक बधिर किंवा लुळा पडला, तर मात्र एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावे. तो पक्षाघात असू शकतो.

छंद करणाऱ्यांसाठी

१. कुलूप स्वतःच्या मालकीचे असावे, आणि वापरातले नसावे. दाराच्या लॅचवर प्रयोग केलात तर ते बिघडून घराबाहेर अडकाल. सळया खिशात घेऊन रात्री-अपरात्री हिंडू नका. योग्य कारण नसताना घरफोडीचे साहित्य बाळगणे हा कायद्याने गुन्हा आहे.

२. वीस-पंचवीस मिनिटांनी उठा, मान व मनगट सैल करा. सळई आवळून धरू नका.

३. जुने कुलूप हाताळल्यावर साबणाने हात धुवा. गंजका पत्रा लागला तर धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारा. मधुमेहींनी रोज बोटे व तळपाय पाहावेत.

या छंदाने विस्मरण टळते असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. मात्र २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, ६० ते ९० वयाच्या ज्यांनी छायाचित्रण किंवा गोधडीकाम यांसारखे अवघड नवे कौशल्य काही महिने नेटाने शिकून घेतले, त्यांची स्मरणशक्ती सुधारल्याचे दिसले. कुलूप नको असेल तर विणकाम करा, पेटी वाजवा, घड्याळ दुरुस्त करा. बोटे कामात असली की ती बिघडल्याचे लवकर कळते, आणि लवकर कळले तर इलाज असतो.