चढ-उताराने घडवलेलं ओश

किर्गिझस्तानातल्या ओशचा जयमा बाजार अक-बुरा नदीच्या काठाकाठाने लांबवर पसरला. तो इथेच का भरू लागला, हे नदीकडे पाहिलं की कळतं. दक्षिणेकडच्या अलाय पर्वतातून धावत आलेली नदी इथे फरगाना खोऱ्यात उतरते, मंदावते आणि सोबतचा गाळ पसरून देते. खोऱ्यात पाऊस बेताचाच. पण पिकांना पाणी हवं असतं त्याच उन्हाळ्यात वरचं बर्फ वितळतं. त्यामुळे पाट काढून शेती फुलली.

सपाटीवर उझबेक शेतकरी आणि कारागीर स्थिरावले. किर्गिझ पशुपालक उन्हाळ्यात मेंढ्या-घोडे घेऊन वरच्या कुरणांवर जात, थंडीत खाली उतरत. एकाकडे धान्य, कापड, सुऱ्या. दुसऱ्याकडे लोकर, नमदे, जनावरं. दोघांनाही एकमेकांवाचून चालत नसे, म्हणून दोघांच्या मध्यावर बाजार उभा राहिला. काश्गरच्या वाटेने उइगुर आले, शिवाय ताजिक, पुढे रशियन, तातार. आजही ओशमध्ये तंदूरच्या आतल्या भिंतीला सामसे (समोशासारखे सारण भरलेले पदार्थ) चिकटवून भाजतात आणि शेजारी उझगेनचा लालसर तांदूळ पोत्यांतून विकायला असतो. शहराच्या मधोमध सुलेमान-तू हा खडकाळ डोंगर आहे. जवळच्या अंदिजानला जन्मलेल्या बाबराने त्यावर छोटंसं घर बांधलं होतं. २००९ साली हा डोंगर जागतिक वारसा ठरला.

सोव्हिएत सत्तेने १९२४ मध्ये उझबेक आणि किर्गिझ प्रदेशांच्या सीमा आखल्या. ओशमध्ये वस्ती प्रामुख्याने उझबेकांची, पण डोंगरातल्या किर्गिझांना हाताशी शहर हवं, म्हणून ते त्यांच्या वाट्याला गेलं. पुढे डोंगरातली तरुण पिढी कामासाठी खाली आली, घरांना जागा हवी झाली आणि ओलिताखालची जमीन तर मोजकीच. जून १९९० मध्ये एका सामूहिक शेताच्या जमिनीवरूनच दंगल पेटली. २०१० मध्ये सरकार कोसळलं, त्या पोकळीत जूनमध्ये पुन्हा दंगल होऊन चारशेहून अधिक माणसं मेली, त्यांत उझबेक जास्त. बाजाराचा मोठा भाग जळाला. याला केवळ 'जुनं वांशिक वैर' म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं. या दोन समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी व्यवहार केला, बाजारात एकमेकांच्या भाषा बोलल्या. वैराला जमिनीची टंचाई आणि राजकारण, दोन्हींनी खतपाणी घातलं.

२०१० नंतर ओश आणि उझबेकिस्तानातलं अंदिजान यांच्यामधलं दोस्तुक सीमानाकं सर्वसामान्यांना बंद झालं. नात्यागोत्यातली माणसं दोन देशांत अडकली. २०१७ मध्ये ते उघडलं आणि अंदिजानची गिऱ्हाइकं पुन्हा ओशला येऊ लागली.