ट्रक घेण्याआधी हिशेब

आमचा एक जुना विद्यार्थी आहे. दहा वर्षे दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. एके दिवशी घरी आला.

"गुरुजी, आता स्वतःची गाडी घेतो. जुना सहाचाकी ट्रक बघितलाय. कर्ज मिळतंय. थोडे पैसे कमी पडतात, त्यासाठी जमीन गहाण ठेवतो."

आम्ही विचारले, "सुटेल काय?"

"लासलगावला कांदा भरायचा, वाशीच्या बाजारात उतरवायचा. भाडं १५,००० रुपये. जाऊन-येऊन ४५० किलोमीटर. डिझेल ८,१००, टोल १,३५०. खेपेला ५,५५० सुटले की!"

हिशेब खोटा नव्हता, पण अपुरा होता. आम्ही वही काढली. मंडळी, आपणही तो मांडून पाहू. आकडे त्याच्या गाडीचे आहेत. तुमचे वेगळे असतील, रीत मात्र हीच.

ट्रकचा खर्च दोन तऱ्हेचा असतो. एक, गाडी दारात उभी असली तरी लागणारा. दुसरा, चाक फिरले की लागणारा.

उभ्या गाडीचा महिन्याचा खर्च असा :

कर्जाचा हप्ता : २५,०००
विमा, कर, परमिट, फिटनेस (वर्षाचे ८४,०००) : ७,०००
क्लीनरचा पगार : १०,०००
स्वतःचा पगार : १८,०००
एकूण : ६०,०००

"आपलाच आपल्याला कसला पगार?" तो हसला. आम्ही म्हणालो, "अरे, आज मालक तुला १८,००० देतो. गाडी घेतलीस की ते बंद. मग घर कशावर चालेल?" तो गप्प झाला.

महिन्यात ९ खेपा, म्हणजे सुमारे ४,००० किलोमीटर. ६०,००० ला ४,००० ने भागले. किलोमीटरला १५ रुपये आले.

आता चालत्या गाडीचा खर्च, दर किलोमीटरला :

डिझेल (९० रुपये लिटर, लिटरला ५ किलोमीटर) : १८
टोल : ३
टायर : २
ऑइल, सर्व्हिसिंग, दुरुस्ती : ३
एकूण : २६

टायरचे २ रुपये कसे? सहा टायर, प्रत्येकी १८,०००. झाले १,०८,०००. ते ५४,००० किलोमीटर चालतील असे धरले. टायर रोज फाटत नाही, म्हणून खर्च दिसत नाही. झीज मात्र रोजची आहे.

१५ आणि २६ मिळून ४१ रुपये. ४५० किलोमीटरचे झाले १८,४५०. भाडे १५,०००. म्हणजे खेपेला ३,४५० रुपये तोटा!

"मग ते साडेपाच हजार?" त्याने विचारले.

"ते हातात येतील, पण तुझे नव्हेत. त्यात हप्ता आहे, पुढचा विमा आहे, टायर आहे. ते खर्चून बसलास तर जमीन जाईल."

कांद्याची आवक मंदावली आणि गाडी निम्मीच चालली, तर? ६०,००० रुपये २,००० किलोमीटरवर पडतील. १५ चे ३० होतील, ४१ चे ५६.

तोटा भरून काढायला कुणी जादा माल भरतात. ते करू नये. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर कायद्यात त्याला २०,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा टनामागे २,००० रुपये. आणि भरलेली गाडी कसारा घाटातून उतरायची असते. ब्रेकवर जादा भार पडला तर जिवाशी गाठ.

खरा उपाय परतीच्या मालाचा. वाशीहून येताना दलाली जाऊन ६,००० रुपये मिळाले, तर खेपेचे २१,००० होतात. मग तोटा जाऊन २,५५० रुपये खरा नफा राहतो.

त्याने जमीन गहाण ठेवली नाही. नोकरी चालू ठेवून तो परतीच्या मालाचे गिऱ्हाईक शोधतो आहे. ते पक्के झाले की गाडी घेणार आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. ट्रक घेणाऱ्याने आधी वही उघडावी, मग अंगठा किंवा सही करावी.