चिमुकल्या कोळंबीची टाकी : स्वच्छता बेताने, कीटकनाशकांपासून दूर

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनास साहाय्य मिळू लागल्यापासून विस्तार कार्यकर्त्यांकडे मासे आणि काचेच्या टाक्या यांविषयीही विचारणा होते. रंगीत माशांच्या जोडीने या व्यवसायात आता चेरी कोळंबीही आली आहे. निओकॅरिडिना डेव्हिडी या शास्त्रीय नावाची, मूळची पूर्व आशियातील ही कोळंबी जेमतेम २ ते ३ सेंटिमीटर लांब असते. ती काटक आहे, गोड्या पाण्यातच तिची वीण होते आणि अन्नासाठी तिची फारशी मागणी नसते. असे असूनही टाकी स्वच्छ केल्याच्या दुसऱ्या दिवशी कोळंबी मरून पडली, ही तक्रार नित्याची आहे.

टाकीतील सर्वच ‘घाण’ घाण नसते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. काच, दगड आणि पानांवरील बुळबुळीत थरात शेवाळ व सूक्ष्मजीव असतात. कोळंबी दिवसभर तोच थर खुडून खाते. गाळणीच्या स्पंजात वाढणारे जिवाणू विष्ठेतून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. स्पंज नळाखाली धुतला की क्लोरीनमुळे हे जिवाणू मरतात, टाकी वरून लख्ख दिसते आणि पाण्यात अमोनिया साचू लागतो. म्हणून टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज दोन-तीनदा पिळावा. समोरची काच साबण न लागलेल्या स्वच्छ स्पंजाने पुसावी. मागील व बाजूच्या काचांवरील शेवाळ राहू द्यावे.

पाणी आठवड्यातून एकदा, दहा ते पंधरा टक्केच बदलावे. पाण्याचा क्षार व तापमान एकाएकी बदलले तर कोळंबी अवेळी कात टाकते. डोक्याकडील आणि शेपटीकडील कवचांच्या मध्ये पांढरी कडी दिसू लागली, तर कात नीट सुटलेली नाही असे समजावे. अशी कोळंबी क्वचितच वाचते. नवे पाणी टाकीच्या तापमानाचे असावे आणि बारीक नळीने थेंबाथेंबाने सोडावे. नळाचे पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवल्यास साधा क्लोरीन उडून जातो; क्लोरामाइन मात्र उडत नाही, त्यासाठी सोडियम थायोसल्फेटयुक्त द्रावण वापरावे लागते. पावसाळ्यात पाणीपुरवठ्यात क्लोरीनची मात्रा वाढवली जाते, तेव्हा ही दक्षता अधिक हवी. टाकलेली कात काढू नये. कोळंबी ती खाते आणि तिच्यातील कॅल्शियम पुन्हा वापरते.

तळाचा गाळ उपसताना नळीच्या तोंडाला नायलॉनची बारीक जाळी बांधावी. या कोळंबीच्या अंड्यांतून थेट प्रौढांसारखीच, सुमारे २ मिलिमीटरची पिल्ले बाहेर येतात. ती नळीतून सहज ओढली जातात. त्यामुळे उपसलेले पाणी पांढऱ्या बादलीत घेऊन उजेडात पाहावे आणि मगच ओतावे.

सर्वांत गंभीर धोका मात्र टाकीबाहेरचा आहे आणि शेतकरी कुटुंबात तो विशेष संभवतो. कीटकांचा उगम कवचधारी प्राण्यांच्या शाखेतूनच झाला. साहजिकच जे रसायन किडीच्या चेतासंस्थेवर आघात करते, ते कोळंबीलाही सोडत नाही. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवतात. माणसाला अल्प वाटणारी त्यांची मात्राही कोळंबीस प्राणघातक ठरते. डास मारण्याच्या कॉइल, द्रवयंत्र आणि फवाऱ्यांत याच वर्गातील रसायने असतात, आणि टाकीचा हवापंप खोलीतील हवाच पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत ही साधने वापरू नयेत. मच्छरदाणी केव्हाही बरी. फवारणी करून आलेल्या व्यक्तीने त्या दिवशी टाकीत हात घालू नये. औषध कालवण्याची बादली टाकीच्या कामी कधीही, कितीही धुतली तरी, वापरू नये. मोरचूद व बोर्डो मिश्रणातील तांबेही कोळंबीस तितकेच घातक आहे. रोपवाटिकेतून आणलेल्या पाणवनस्पतींवर कीटकनाशकाचा अंश असू शकतो. त्या निराळ्या भांड्यात काही दिवस रोज पाणी बदलून ठेवाव्यात आणि मगच लावाव्यात.

अशा वनस्पतींबरोबर कधी चतुराचे जलचर पिल्लूही येते. ते पिल्ले फस्त करते. त्यावर औषध शोधू नये, जाळीने पकडून काढून टाकावे. हायड्रा किंवा चपटे कृमी वाढलेले दिसल्यास अन्न जास्त पडत आहे, असे समजावे. दोन तासांत उरलेले अन्न काढावे आणि एक-दोन दिवस काहीच घालू नये.

टाकीत हात घालण्यापूर्वी पंप व दिव्याची वीज बंद करावी; काम संपताच हवापंप पुन्हा सुरू करावा. उपसलेले नायट्रेटयुक्त पाणी परसातील झाडांना घालावे, नाल्यात वा तळ्यात ओतू नये. जर्मनीत कोमट सांडपाणी मिळणाऱ्या एका ओढ्यात ही परकी कोळंबी आधीच स्थिरावली आहे, आणि आपल्या देशातील बहुतेक जलाशय तर बारमाही उबदार असतात.