ठणका, चमक, कळ : डॉक्टरांपुढची इंग्रजी विशेषणे

ब्रिटनमध्ये जीपीकडे गेल्यावर ‘पेन’ हा एकच शब्द पुरत नाही. ‘दुखणे कसे आहे?’ हा पुढचा प्रश्न येतो आणि कार्यालयात अस्खलित इंग्रजी बोलणारा मराठी माणूसही तेथे अडखळतो. मराठीत वेदना बहुधा क्रियापदांतून व नामांतून व्यक्त होते : दात ठणकतो, गळू ठुसठुसते, पाठीत चमक भरते. इंग्रजीत हे काम मुख्यतः विशेषणे करतात.

ठणक्यासाठी ‘थ्रॉबिंग’, कंबरेतून पायाकडे धावणाऱ्या कळेसाठी ‘शूटिंग’, भोसकल्यासारख्या वेदनेसाठी ‘स्टॅबिंग’, आग होत असल्यास ‘बर्निंग’, पोटातील मुरड्यासाठी ‘क्रॅम्पिंग’ आणि मंद, सततच्या दुखण्यासाठी ‘डल’.

हा केवळ भाषेचा सोस नव्हे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत वेदनेची ७८ वर्णने २० गटांत मांडली आहेत, कारण वेदनेचा प्रकार निदानाची दिशा सुचवतो. ‘शूटिंग’मुळे मज्जातंतूचा विचार होतो, छातीवरील दडपणाला ‘टाइट’ वा ‘हेवी’ म्हटल्यास हृदयाचा. अशा वेळी शब्द शोधत न बसता ९९९ वर दूरध्वनी करणेच योग्य.

भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी जीपीभेटीच्या वेळी एनएचएसचा विनामूल्य दुभाषी मागता येतो. मुलांनीच दुभाषा व्हायचे ठरवले, तर आईच्या ‘ठुसठुसते’चे नुसते ‘पेन’ होऊ देऊ नये. निदानाचा धागा नेमका त्याच शब्दात असू शकतो.