मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कॉम्प्युटरला इंटरनेट कसं जोडायचं?

चिकलठाणा एमआयडीसीत कामाला असलेली आणि भाड्याच्या खोलीवर राहणारी बरीच मुलं ब्रॉडबँड घेत नाहीत. आज खोली इथे, सहा महिन्यांनी दुसरीकडे. पण भरतीचा फॉर्म भरायचा, फोटो-सही अपलोड करायची म्हटलं की मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर जीव मेटाकुटीला येतो. अशा वेळी लॅपटॉपसाठीचं नेट तुमच्या खिशातच असतं. कसं, ते पाहूया.

हॉटस्पॉट काय करतो?

हॉटस्पॉट चालू केला की फोन एका बाजूने टॉवरकडून डेटा घेतो आणि दुसऱ्या बाजूने वाय-फाय राउटरसारखा तो लॅपटॉपला देतो. वेगळं सिम लागत नाही, पण डेटा तुमच्याच रिचार्जमधला जातो.

जोडायचं कसं?

1. फोनचा मोबाईल डेटा चालू करा.
2. सेटिंग्जमध्ये 'हॉटस्पॉट' असं सर्च करा. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये जागा वेगळी असते, सर्च केलं की लगेच सापडतं.
3. हॉटस्पॉटला नाव द्या आणि किमान 8 अक्षरांचा पासवर्ड ठेवा. पासवर्डशिवाय चालू ठेवलात तर शेजारचा कुणीही तुमचा डेटा वापरेल.
4. लॅपटॉपवर वाय-फायच्या यादीत ते नाव निवडा, पासवर्ड टाका. झालं!

नाव दिसतच नाही? जुन्या लॅपटॉपला 5 गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडता येत नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड 2.4 गिगाहर्ट्झ करा.

डेस्कटॉपला वाय-फाय नसेल तर?

चार्जिंगची केबल फोन आणि कॉम्प्युटरला लावा आणि 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. केबल डेटा केबल असावी, काही स्वस्त केबल फक्त चार्जिंग करतात. फायदा म्हणजे नेटसोबत फोनही चार्ज होतो.

पत्र्याच्या खोलीत रेंज येत नाही?

पत्रा धातूचा असल्यामुळे टॉवरचे सिग्नल अडवतो. फोन खिडकीत ठेवा आणि लॅपटॉप घेऊन तुम्ही आत बसा. फोनपासून लॅपटॉपपर्यंतचं काम वाय-फाय करेल.

डेटा संपू देऊ नका

खरी गंमत इथेच होते. लॅपटॉपला वाटतं की हे घरचं वाय-फाय आहे, आणि विंडोज गुपचूप अपडेट डाउनलोड करायला लागतं. रोजचा दीड जीबी बघता बघता संपतो. त्यानंतर बऱ्याच प्लॅनमध्ये स्पीड 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे 1 एमबीची फाईल अपलोड व्हायला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ! आणि फॉर्मची मुदत रात्री 12 ला संपणार असेल, तर मग काय?

म्हणून जोडल्यावर लगेच लॅपटॉपच्या वाय-फाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' ऑन करा. मग विंडोजचे बहुतेक अपडेट थांबून राहतात.

फॉर्म भरताना एवढं पाळा

फोन आधी चार्ज करून घ्या, हॉटस्पॉटवर बॅटरी लवकर उतरते. पेमेंट मध्येच अडकलं तर घाईने पुन्हा पैसे भरू नका, आधी पेमेंट स्टेटस तपासा. काम झालं की हॉटस्पॉट बंद करा. आणि हो, हे सगळं शेवटच्या तारखेआधी एकदा करून बघा, म्हणजे ऐन वेळी धावपळ होणार नाही.

माहिती उपयोगी वाटली तर तुमच्या रूम पार्टनरलाही नक्की सांगा!