अठरा किलोचे लेकरू आणि सिस्टरचा हिशेब

सिकलसेल हा आजार विदर्भाला नवा नाही. डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली होती. आदिवासी बांधवांप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही या आजाराचे पुष्कळ रुग्ण आहेत. अंग ठणकू लागले की आईबाप लेकराला घेऊन मेडिकल किंवा मेयो गाठतात. डॉक्टर औषध लिहून देतात. पण त्याचे मि.लि. आणि थेंब करण्याचे काम खाटेजवळ सिस्टर करते. या हिशेबाकडे आपले सहसा लक्षच जात नाही.

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने सिकलसेलच्या वेदनांचे झटके कमी होतात. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० मुलांवर केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज दर किलो वजनामागे १० मि.ग्रॅ. एवढी कमी मात्राही गुणकारी ठरली. आता लेकरू १८ किलोचे असेल, तर १८ गुणिले १० म्हणजे १८० मि.ग्रॅ. पातळ औषधाच्या बाटलीवर '१ मि.लि.मध्ये १०० मि.ग्रॅ.' असे लिहिले असेल, तर १८० भागिले १००, म्हणजे १.८ मि.लि. एवढेच औषध. दशांशचिन्ह एक घर सरकले की १८ मि.लि., म्हणजे दहापट विष! म्हणूनच जेवणाच्या चमच्याने अंदाजे औषध देऊ नये, खुणा असलेली सिरिंजच वापरावी.

सलाईनचेही तसेच आहे. लहान मुलांसाठी नेहमीचा आडाखा असा : पहिल्या १० किलोंना तासाला किलोमागे ४ मि.लि., पुढच्या १० किलोंना २ मि.लि. आपल्या लेकराचे ४० अधिक १६, म्हणजे तासाला ५६ मि.लि. झाले. बारीक थेंबाच्या संचात ६० थेंबांचा १ मि.लि. होतो, म्हणून मिनिटाला ५६ थेंब. मोठ्या थेंबाच्या संचात बहुधा २० थेंबांचा १ मि.लि. भरतो, तेथे मिनिटाला १९ थेंब पुरेत. त्याच मोठ्या संचातून कोणी ५६ थेंब सोडले, तर तासाला १६८ मि.लि. पाणी अंगात जाईल, म्हणजे तिप्पट. जादा पाणी फुप्फुसात साठून सिकलसेलच्या मुलाचा श्वास कोंडू शकतो.

'बाटली लवकर संपली की घरी जाऊ' म्हणून नळीवरची चाकी सैल करणारे नातेवाईक आम्ही वॉर्डावॉर्डांत पाहतो. त्यांना दोष देऊन भागणार नाही. त्या चाकीमागचा हिशेब त्यांना कोणी समजावून सांगितलेलाच नसतो.

तेव्हा मातापित्यांनो, एका वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा : मुलाचे वजन, औषधाच्या बाटलीवरचा आकडा आणि डॉक्टरांनी सांगितलेले मि.लि. वजन अंदाजे सांगू नका, काट्यावर करून घ्या. मूल वाढले की डॉक्टरांना मात्रा पुन्हा ठरवायला सांगा. १८ किलोचे लेकरू २४ किलोचे झाले, तर त्याच हिशेबाने २.४ मि.लि. होतात. हे औषध चालू असताना वेळोवेळी रक्ततपासणीही चुकवू नका. मनात शंका आली तर सिस्टरला नम्रपणे विचारा, पण चाकीला हात लावू नका.

आणि आमच्या मुलींनो! गणिताच्या धास्तीने नर्सिंगचा अर्ज भरायचे टाळू नका. वर पाहिला तो सारा हिशेब म्हणजे शाळेत शिकलेला गुणाकार, भागाकार आणि त्रैराशिक. आम्ही कॉमर्सवाले ज्या काळजीने खतावणी दोनदा ताडून पाहतो, त्याच काळजीने मात्रा दोनदा ताडायची. खतावणीतली चूक खोडता येते, औषधातली चूक खोडता येत नाही. हे ओळखून हिशेब करणारी सिस्टर आपल्याच वस्तीतून तयार झाली, तर खाटेवरच्या लेकराला याहून मोठा आधार कोणता?